वजन टाकलेली गाडी

बाबांनी उभं आयुष्य पंचवटीत भाजीची हातगाडी ढकलली. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा डावा हात आणि डावा पाय त्यांचं ऐकत नव्हते. मी नाशिक रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. महिनाभराची रजा टाकून माहेरी राहायला आले.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, पायात ताकद येतेय, आता चालायला हवं. पण बाबा पलंगावरून उठून दोन पावलं टाकायचे आणि भिंत धरून थांबायचे. वॉकर आणला, त्याला हातही लावेनात. शेवटी माझा तोल गेला. वर्गात बोलते त्याच आवाजात मी त्यांना सांगू लागले, की चालताना आपण पायानं जमीन मागे रेटतो, म्हणून जमीन आपल्याला पुढे ढकलते. तुम्ही रेटलंच नाही तर चालणार कसं?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "पोरी, फरशी पायाखाली थांबत नाय."

ती गुळगुळीत फरशी मीच हौसेनं बसवून दिली होती. घर्षणाचा धडा मी किती वर्षं शिकवतेय, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना धरून गल्लीत आणलं. तिथलं सिमेंट खरबरीत होतं. भिंतीलगत त्यांची गाडी उभी होती, झटका आल्यापासून कुणी न हलवलेली. बाबांनी आपणहून उजवा हात तिच्या दांड्यावर ठेवला. डावा मी उचलून ठेवला. त्यांनी जरा रेटलं, तर गाडी सर्रकन पुढे गेली. मी कमरेला धरलं होतं म्हणून ते पडले नाहीत. त्यांना आत न्यायला मी वळले, पण ते जागचे हलेनात.

"रिकामी हे म्हणून पळती," ते म्हणाले. "वजन टाक."

मी विटा शोधू लागले. आई दारात उभी होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं. "तू बस."

आई लाजून लाल झाली. चाळीस वर्षं ती या गाडीच्या बाजूनं चालली होती, भाजी तोलली होती. वर कधी बसली नव्हती. लोक हसतील, असं ती पुटपुटली. बाबा नुसते वाट बघत राहिले. मग तिनं पदर खोचला आणि स्टुलावरून चढून त्यांच्याकडे तोंड करून बसली.

गाडी जागची हलायला वेळ लागला. थांबलेल्याला हलवायला जास्त जोर लागतो, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. बाबा पुढे झुकले, उजवा पाय रोवला, अंगाचा भार दिला. चाकं फिरली. आता गाडी निसटत नव्हती, त्यांना पेलत होती. डावा पाय फरफटत का होईना, पुढे येत होता. पुढे थोडा उतार होता, म्हणून मी समोरून गाडी धरून उलटी चालत होते. शेजारणी दारात आल्या. हसलं कुणीच नाही.

"पाय उचला, अहो. ओढू नका," आई खाली मान घालून म्हणाली.

"तू हलू नको. तोल जातो."

अकरा घरं ओलांडून आम्ही कोपऱ्यावर पोचलो. बाबांचा सदरा घामानं भिजला होता. आई डोळे पुसत होती, आणि बाबा तिच्याकडे बघून अर्ध्या ओठानं हसत होते.

रोज सकाळी हेच. माझी रजा संपेपर्यंत ते काठीवर आले. डावा पाय अजून जरा ओढतो. गेल्या रविवारी दाढी करायला एकटे निघाले, तेव्हा मी वीसेक पावलं मागे राहून चालत होते. त्यांना कळलंच. थांबले, वळले आणि म्हणाले, "घरी जा. तुझी आई एकटी हे."

मी माघारी फिरले. पण ते सलूनची पायरी चढून खुर्चीत बसेपर्यंत एका दुकानाच्या आडोशाला उभी राहिले.