मेंढरांची बाजू

आमच्या शिरूरच्या कॉलेजातले हेडक्लार्क आबा कुणालाही दोषी म्हणत नसत. ऑफिसातलं दूध मांजरानं सांडलं तरी चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "मांजराची बाजू ऐकली का?" आम्ही त्यांना चौकशीआबा म्हणायचो. शिस्त समितीची कागदपत्रं त्यांच्या ताब्यात असत आणि समितीचे अध्यक्ष असलेले प्राचार्यसुद्धा त्यांच्या नियमांना टरकून असत.

मी शेवटच्या वर्षाला असताना माझ्या हातून कॉलेजचं मागचं फाटक उघडं राहिलं. शेजारच्या रानात माझ्या चुलत्यांची मेंढरं बसली होती. ती आत शिरली आणि प्राचार्यांच्या लाडक्या गुलाबांचा अर्धा ताटवा फस्त करून गेली. माळ्यानं तक्रार दिली. प्राचार्यांनी मला निलंबित करायचं ठरवूनच टाकलं. परीक्षा दहा दिवसांवर होती. निलंबन म्हणजे वर्ष गेलंच.

आबांनी तक्रारीवर बोट ठेवलं. माळ्यानं चाळीस मेंढरं लिहिली होती, मी बारा म्हणत होतो. "आकडा जुळल्याबिगर सुनावणी व्हत न्हाई," आबा म्हणाले आणि त्यांनी चुलत्यांना मेंढरांसह हजर राहण्याची नोटीस काढली. प्राचार्य आबांचे कागद कधी वाचत नसत. त्यांनी सही ठोकली.

सुनावणीच्या दिवशी चुलते धुवट पटका बांधून कळप घेऊन आले. शिपायानं रीतसर पुकारा केला. आबा फाटकात उभे राहून मोजू लागले. ते सतरावर आले तोवर उरलेला ताटवाही गेला होता. प्राचार्य धावत आले, तर चुलत्यांनी अदबीनं नोटीस पुढं केली. "तुमीच बोलावलंय सायेब. सही हाय तुमची."

ज्याच्या सहीनं मेंढरं आत आली त्याला निवाड्याला बसता येत नाही, असा नियम आबांनी तिथल्या तिथं दाखवला. प्राचार्य बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. अध्यक्षच नाही म्हटल्यावर सुनावणी पुढं ढकलली गेली, ती ढकललेलीच राहिली. तेवढ्यात मी परीक्षा देऊन पासही झालो. पेढे द्यायला गेलो तेव्हा आबांना विचारलं, हे मुद्दाम केलंत का? पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "ते आजून ठरायचंय."

आता मी दौंडच्या एका कॉलेजात शिकवतो आणि तिथल्या शिस्त समितीवर आहे. आबा गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही एका पोराला न ऐकताच काढून टाकायच्या ठरावावर सह्या करत होतो. माझी शेवटची राहिली होती. मी पेन खाली ठेवलं आणि पोराला आत बोलवायला सांगितलं. आबांसाठी त्या दिवशी रडायचं राहूनच गेलं. पोराची बाजू फार लांब होती.