सत्यशीलाबाईंचा हात

सत्यशीलाबाई मांजरी गावच्या. नगरसेविका होण्याआधी आठवडे बाजारात मालनबाईंच्या शेजारी बसून मेथी-कोथिंबीर विकायच्या, आणि आवाज असा खणखणीत की पुढे गेलेलं गिऱ्हाईक मागे फिरायचं! त्या बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. म्हणून तिथं बसणाऱ्या बाया दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. घरी गेल्यावरच तांब्या तोंडाला लावतात. "निवडून आले की पहिलं हेच काम," असं बाई सांगत सुटल्या, आणि मालनबाईंनी त्यांच्यासाठी दारोदार हिंडून मतं मागितली.

अंदाजपत्रक आलं. त्यात स्वच्छतागृहाचा पत्ताच नाही. पक्षाचे गटनेते रावसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मग बाईंनी विरोधी बाकावरच्या आमोदला गाठलं. बागेतल्या कारंज्याचे पैसे बाजाराला द्यावेत, अशी उपसूचना त्यानं मांडायची आणि बाईंनी पक्ष न बघता बाजूनं हात वर करायचा, असं ठरलं. इथवर ठीक. पण बाईंची हौस दांडगी! मालनबाईंना त्यांनी प्रेक्षक गॅलरीत आणून बसवलं.

आता उपसूचना कसली आहे हे सभागृहात ऐकतं कोण? विरोधकांची ना, मग पाडायची. गटनेत्याचा हात बघायचा आणि आपला वर करायचा, झालं.

महापौरांनी मतदान पुकारलं. "बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा." बाईंचा हात मांडीवरून हलेना. रावसाहेब मान वळवून आपली माणसं न्याहाळत होते. लेखी पक्षादेश वगैरे काही नव्हता हो, नुसती नजर! ती बाईंवर आली आणि जरा रेंगाळली. पुढची समिती, पुढचं तिकीट, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं.

"विरोधात?"

बाईंचा हात वर गेला. चांगला ताठ. आमोदनं वळून पाहिलं. "आभारी आहे ताई," तो शांतपणे म्हणाला. बाईंची कानशिलं तापली. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. त्यांच्या एका हातानं उपसूचना तरली नसतीच, पण मान वर करून गॅलरीकडे बघायची त्यांची छाती होईना.

मालनबाई खाली जिन्यापाशी उभ्या होत्या. बाई घाईघाईनं म्हणाल्या, "मावशी, इथली पद्धत निराळी असते. माझ्या एकटीच्या हातानं काय झालं असतं?"

"व्हय," मालनबाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. बाईंना राहवेना. सभागृहात मिळालेली पाण्याची बाटली त्यांनी पुढे केली. "घ्या ना मावशी, दोन घोट तरी."

मालनबाईंनी बाटलीकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"नको गं. आज बाजार हाय. आत्ता जाऊन बसायचंय."