रायलीबाईचा जबाब

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. फादरांपुढे पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हाही नाही — तिथे सुनेवर ओरडले, शेजारणीची चुगली केली, असलं किरकोळ सांगून उठायची.

माझा तरुणपणीचा फोटो बघून नातवंडं हसतात. हसावंच. खांद्याला झोळी, झोळीत राज्यघटना, आणि मान अशी ताठ, जणू पंचविसावं कलम मीच लिहिलंय. धर्मस्वातंत्र्यावर बोलायला भुसावळपासून धुळ्यापर्यंत कुठेही तयार — बोलावलं नाही तरी.

तर सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर, रायलीबाईच्या ओट्यावर दर रविवारी प्रार्थना व्हायची. तालुक्याच्या कचेरीने ती बंद केली. फसवून धर्म बदलतात म्हणे. पुन्हा परवानगी हवी तर घरमालकिणीने स्वखुशीचा जबाब द्यावा. रायलीबाईला लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. शेवटी म्हणाली, "वाघदेवले बी नारळ फोडस मी, येशूले बी हात जोडस. दोन्ही मना शेतस. हाई बी लिख, अक्का."

दोन्ही देव माझेच — हे वाचून साहेब परवानगी देईल? — मला नाही वाटलं. मी लिहिलं, 'मी फक्त येशूलाच मानते.' आणि वाचून दाखवताना... तिचं वाक्य वाचलं. कागदावर नसलेलं, तिच्याच चालीत. तिने मान डोलावली, अंगठा दिला.

परवानगी मिळाली. मला हार घातले. पण पोलीस पाटलाने तो जबाब पाड्यावर वाचून दाखवला, आणि वाघबारशीला, वाघदेवाच्या पूजेच्या दिवशी, लोकांनी रायलीबाईला नारळासकट परत पाठवलं. ती एसटीने माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"तू तं वाची दखाडं व्हतं ना, अक्का?"

तेव्हा तरी बोलायला नको होतं का? मी म्हणाले, कचेरीवाल्यांनी बदललं असेल. किती पटकन सुचलं मला. तिला पटलंही — चहा पिऊन गेली. पुढे हीच गोष्ट मी सभांमधून सांगायची, सरकार गरिबाचा जबाबसुद्धा बदलतं म्हणून. टाळ्या पडायच्या.

वाघदेवापाशी तिला पुन्हा कुणी येऊ दिलं नाही. ती वारली तेव्हाही पाड्यातलं कुणी फिरकलं नाही. चर्चचे आम्ही तिघंच होतो; खांदा द्यायला माणसं कमी पडली.

कचेरीने त्या कागदात काहीच बदललं नव्हतं. अक्षर माझं होतं.