ठाण्याचं पेट्रोल

भिवा कासारे गिरणीच्या साचेखात्यातला. बावीस वर्षं त्याने साचे, म्हणजे कापडाचे माग, सांभाळले. संपाला दीड वर्ष झालं, तेव्हा लालबागच्या नानाची टॅक्सी चालवायला लागला. दिवसपाळी. सकाळी टाकी भरून मिळायची, संध्याकाळी पाचला भरूनच परत द्यायची. उशीर झाला की रातपाळीवाल्याचं भाडं बुडतं, म्हणून नानाने त्याला दोनदा समज दिलेली. "तिसऱ्यांदा उशीर केलास, तर चावी ठेव नि चालू पड." त्या चावीवर घरातली पाच माणसं जेवत होती.

त्या दिवशी आमच्या युनियनने संपकऱ्यांना वाटायला दिलेलं धान्य मी त्याच्याच गाडीतून मुलुंडला नेलं. पोती उतरली तेव्हा साडेतीन वाजले होते.

"दादा, ठाणं इथून हाकेवर. मुंबईच्या हद्दीपलीकडे पेट्रोल लिटरला साठ पैसे कमी. पंधरा लिटर भरलं तर नऊ रुपये सुटतात. जाण्यायेण्यात पाचचं जळेल. चार उरले!"

"आणि वेळ?"

"वेळेला काय पैसे पडतात?"

इथेच तो चुकला, आणि आमच्यातला कोणीही इथेच चुकला असता. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर; मधला वेळ मालकाचा. स्वतःच्या तासाची किंमत आम्ही कधी केलीच नाही. एरवी भाषणं ठोकणारा मी, तोंड मिटून बसलो. चार रुपये म्हणजे त्याच्या घरचं दूध होतं.

पंपावर ही मोठी रांग. सगळे शहाणे तिथेच आलेले.

"फीर मागे!" मी ओरडलो.

"आता? मग इथवर जाळलं ते फुकटच ना, दादा!"

लालबागला पोचलो तेव्हा सव्वासहा. नाना फुटपाथवर उभा, शेजारी रातपाळीचा हरेश्वर. नानाने नुसता हात पुढे केला.

"नाना, टाकी फुल्ल आहे."

"टाकी चाटू काय? चावी दे."

माझं डोकं फिरलं. "गरिबाच्या पोटावर पाय देतोस?" म्हणत मी नानाची कॉलर धरली. भिवानेच माझी बोटं सोडवली.

"नको दादा. स्टँडवरचे दुसरे मालक बघतायत. मला कोणीच गाडी देणार नाही मग."

चावी हरेश्वरकडे गेली. तो भिवाकडे न बघताच गाडी घेऊन निघाला.

भिवा म्हणाला, "रे रोडच्या वखारीत लाकडं उतरवायला माणसं घेतात काय?"

"छातीत कापसाचा तूस भरलाय तुझ्या. दोन जिने चढलास तरी धापा टाकतोस."

"ते त्यांना सांगू नका."

मी वखारीतल्या मुकादमाचं नाव सांगितलं.