ढोलाच्या तोंडी

वळसंगच्या तिप्पण्णाचा हात जिभेच्या आधी चालायचा. अक्कलकोट रोडवरच्या लाकडाच्या वखारीत त्याची थोबाडीत न खाल्लेला गडी शोधून सापडला नसता. पण मशीनला फांदी कशी द्यायची, हे सगळ्यांना शिकवलंही त्यानंच.

रस्त्याकडेची तोडलेली झाडं वखारीत यायची. खोडं करवतीला जायची, फांद्यांच्या ढलप्या होऊन पुठ्ठ्याच्या कारखान्याला. त्यासाठी चकती होती. उभं लोखंडी चाक, अंगावर पाती. चकती तिरकी कापते, सावकाश ओढते. फांदी शेवटपर्यंत धरून रेटावी लागते. बाभळीचे काटे उघड्या हाताला झेपत नाहीत, म्हणून तिप्पण्णानं रीतच पाडली होती: डोक्याचा पटका सोडायचा, पंजाला आणि मनगटाला गुंडाळायचा, मग खुशाल धरायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मालक मानसिंगशेठनी ढोल आणला. आडवं लोखंडी पिंप, पाठीवर पाती. दुबेळक्याच्या, दोन फाट्यांच्या फांदीला चकती अडायची. ढोल तीच फांदी मोडून, हिसका देऊन आत न्यायचा.

"चकतीच्या दुप्पट खातो बघ," शेठ म्हणाले.

"खातो की!" तिप्पण्णा म्हणाला. "पण चकती चावून खाते, मालक. ह्यो गिळतोय. हितं फांदी धरायची न्हाय, टाकायची आन् मागं सरायचं. तोंडाला लांब पन्हळ बसवा, हात आत पोचायला नको, मग चालवू."

"पन्हळीपायी काम बंद ठिवू व्हय? भ्यालास म्हण की! कोंडीबा, तू घे रं."

कोंडीबा मोडनिंबचा, तिप्पण्णाच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं सवयीनं पटका हाताला गुंडाळला. तिप्पण्णा धावला. समजावून सांगणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. खाडकन थोबाडीत दिली, पटका हिसकला आणि मातीत भिरकावला.

"ढोलावर कापड बांधून जातोस, गाढवा?"

फांद्या ओढणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. चारचौघांत गड्याचा पटका मातीत टाकायचा म्हणजे त्याची इज्जत पायाखाली घ्यायची. कोंडीबानं पटका उचलला, झटकला.

"बाप हायेस काय रं माझा?"

आणि त्यानं मुद्दाम दुप्पट वेढे दिले, दातानं गाठ आवळली.

पहिलीच फांदी बाभळीची. ढोलानं हिसका दिला तसा कोंडीबा पालथा पडून खेचला गेला.

"बिडो! सोड!" तिप्पण्णा आधी कानडीत, मग मराठीत ओरडला. पण सोडणार काय? हातानं फांदी धरलीच नव्हती, काट्यांनी कापड धरलं होतं. तिप्पण्णानं लाथ घालून इंजिनाचा पट्टा पाडला. तरी ढोल आपल्याच वजनानं गरगरत राहिला. कोंडीबाचा पंजा ढोलाच्या तोंडाशी पोचला होता. तिप्पण्णानं कोयता उचलला आणि कापडावर घाव घातला. कापड तुटलं, त्यासोबत दोन बोटं. रक्ताची चिळकांडी तिप्पण्णाच्या डोळ्यांत उडाली. पलीकडं ढोलानं पटक्याच्या चिंध्या थुंकल्या, लाल ढलप्यांसकट.

दुसऱ्या दिवशी वखारीत हवालदार आला.

"मशीनचा दोष न्हाय," शेठ म्हणाले. "बोटं कोयत्यानं तुटली. त्याआदी मारामारी केली ती ह्यानंच. इचारा कुणालाबी."

कोयत्याचं खरं होतं, मारामारीचंही. तिप्पण्णाला बेड्या पडल्या की ढोल लगेच सुरू होणार आणि त्याच्या तोंडी दुसऱ्या कुणाचा तरी हात जाणार, हे मात्र शेठच्या बोलण्यात कुठंच नव्हतं.

तेवढ्यात दवाखान्यातून कोंडीबा आला. बोडका, उजव्या हाताला हे एवढं बांधलेलं.

"बोल, कुणी तोडली बोटं?" हवालदारानं विचारलं.

कोंडीबा सरळ तिप्पण्णापुढं गेला आणि डाव्या हातानं अशी सणसणीत लगावली की तिप्पण्णाच्या ओठातून रक्त आलं.

"ही माझ्या पटक्याची!" तो म्हणाला. मग वळला. "आता लिव्हा, हवालदार. बोटं ढोलानं खाल्ली. कोयत्यानं हात वाचवला. आन् पन्हळ बसल्याबिगर त्या ढोलाला हितलं कुणी काडीबी देणार न्हाय."

"व्हय! कुणीबी न्हाय!" मागून बायका गरजल्या. शेठचं तोंड उतरलं.

तिप्पण्णाची मूठ वळली होती. गडी मागं सरले. आता हा कोंडीबाला उभा चिरतो, असंच सगळ्यांना वाटलं. तिप्पण्णानं मूठ उघडली. स्वतःचा पटका सोडला आणि कोंडीबाच्या बोडक्या डोक्याला गुंडाळायला लागला, इतका आवळून की कोंडीबा कळवळला.

"हळू की रं, मुडद्या!"