परातीवरचे नाव

शिकागोला ‘वाऱ्याचे शहर’ का म्हणतात, हे भारतीने बऱ्हाणपुरातल्या आपल्या स्वयंपाकघरात, चुलीकडे पाठ करून लिहिले होते. न्यूयॉर्कच्या एका संपादकाने शिकागोकरांच्या बढाईला हिणवून ते नाव दिले, असे जो तो सांगतो. पण त्याच्या आधीच्या वर्तमानपत्रांतही ते सापडते, हे हुडकल्याचा तिला कोण अभिमान वाटला होता. न्यूयॉर्क ‘मोठे सफरचंद’ झाले ते घोड्यांच्या शर्यतींमुळे. न्यू ऑर्लिन्समधल्या भरल्या पावाला ‘पो-बॉय’ म्हणतात, कारण संपावरच्या ट्रामवाल्यांना, त्या ‘गरीब पोरांना’, दोघा भावांनी तो फुकट खाऊ घातला, अशी तिथली आख्यायिका. नेपानगरच्या कागद कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी इतिहासात एम. ए. झालेली. नवरा गेल्यावर ती एका संकेतस्थळासाठी असले लेख लिहू लागली. लेखाखाली तिचे नाव नसे. ‘संपादकीय विभाग’ एवढेच असे.

घर मात्र उभे होते ते तिच्या पाठीमागच्या चुलीवर. सासू मथुराबाई मांडे करीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायचा, हे लाटण्याविना करायचे काम करता करता त्यांच्या हातांवरची लव केव्हाच जळून गेली होती. बऱ्हाणपूरच्या खाद्यमेळ्यात मांड्यांची एकच चूल लागे, आणि ती त्यांची. तिथे मांडा खाल्लेली माणसेच पुढे वर्षभर शाहपूर-फोपनारच्या लग्नांना त्यांना बोलावीत.

एकदा संपादकाचा फोन आला. “त्या पो-बॉयसारखं तुमच्या गावचं काहीतरी द्या. पण त्यात माणूस हवा, मॅडम. नाव नसलं तर कोण वाचतं?”

भारतीने सासूला विचारले, “आत्याबाई, मांडे पहिल्यांदा कोणी केले?”

“काय ठाऊक, माय. केले असतील बायांनी. खाणारा काय नाव विचारून खातो?”

बायांनी. एवढ्यावर लेख होत नव्हता. भारतीची नजर पीठ भिजवायच्या पितळी परातीवर गेली. ती सासूच्या लग्नातला आहेर. देणाऱ्याचे नाव रीतीप्रमाणे काठावर कोरलेले: भाईदास, फोपनार. माणूस केव्हाच वारला होता. तिने न्यू ऑर्लिन्सचा साचा उचलला आणि भाईदासला त्यात बसवले. चांदनी स्टेशनावरच्या संपकरी मजुरांना म्हणे त्याने खापरावर पोळ्या भाजून वाढल्या. जमिनीवर मांडलेल्या पानांवर वाढल्या, म्हणून मांडे. संध्याकाळपर्यंत लेख द्यायचा होता. याने कोणाचे काय जाणार आहे, असे तिने स्वतःला समजावले.

दीड वर्षात भाईदास आणखी सात संकेतस्थळांवर पोहोचला. मग मेळ्याची यादी लागली. मांड्यांच्या चुलीपुढे मथुराबाईंचे नाव नव्हते. तिथे होते: ‘मूळ भाईदास घराणे, फोपनार.’

भारती धावतच मेळ्याच्या समितीच्या कचेरीत गेली. सचिव जितेंद्र यांच्याशेजारी भाईदासचा नातू चंदन चहा पीत बसला होता.

“जितेंद्रभाऊ, ती गोष्ट खोटी आहे. मी रचली.”

“वहिनी, सात ठिकाणी लिहिलंय. सातही जण खोटं लिहून राहिले?”

“सातांनी माझंच उतरवलं.”

“मग तुमचं नाव दाखवा.”

दाखवायला नाव नव्हते.

“काकू, टेन्शन नका घेऊ,” चंदन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत कपट नव्हते, आणि तेच भारतीला असह्य झाले. “आजोबांच्या नावाच्या पराती चार घरी सापडल्या. इससे बडा प्रूफ क्या?”

“अरे, त्या आहेराच्या पराती! सगळ्यांची नावं असतात भांड्यांवर. माझ्या घरच्या तांब्यावर मामांचं आहे. त्यांनी काय पाणी शोधलं?”

जितेंद्र हसले. मग म्हणाले, “तुमच्याही घरी आहे ना परात? प्रदर्शनाला द्या. तुमचंही नाव लिहू, सौजन्य म्हणून.”

शिकागोच्या नावाच्या आख्यायिकेतून न्यूयॉर्कच्या त्या संपादकाला कोणी सोडवू शकले नव्हते. नाव एकदा चिकटले की पुरावे आपण होऊन त्याच्याकडे चालत जातात. हे तिला कागदावर ठाऊक होते. आता चालत जाणारी परात तिच्या घरातली होती.

मेळ्याच्या पहिल्याच दुपारी चंदनच्या घरच्या बायकांचे मांडे हातावरच फाटू लागले. तो स्वतः घ्यायला आला. “आजी, चला ना. हात तर तुमचाच पाहिजे.” यंदा चूल दुसऱ्यांना गेली, एवढेच भारतीने सासूला सांगितले होते; आणि चूल गेल्यावर पुढच्या लग्नांचे कोणतेच बोलावणे नव्हते. मथुराबाई खापर उचलून निघाल्या, भारती मागून.

चूल तीच, जागा तीच. वर भाईदासचा हार घातलेला फोटो आणि भली मोठी पाटी.

उंडा हातांवर झेलत मथुराबाईंनी विचारले, “भारती, काय लिहिलंय व तिथं? लोक आधी ते वाचतात, मग खातात.”

भारतीने वाचून दाखवले. वाक्य स्वल्पविरामासकट तिचेच होते.

मथुराबाईंना हसू फुटले. “भाईदासमामा? माझ्या लग्नात पंगतीत रुसून बसले होते, पुरण अगोड म्हणून! चुलीजवळ कधी फिरकला नाही तो माणूस. आणि मांडे तर माझी आजी करायची.” हसता हसता त्या थांबल्या. “कोणी लिहिलं हे?”

“मी.”

हातावरचा मांडा कोपराकडे उतरत होता. मथुराबाईंनी तो सावरला.

“कोणाचं तरी नाव टाकायचंच होतं, तर माझं का नाही टाकलं?”

सासूचे नाव घेऊ नये म्हणून. संपादकाला जुना माणूस हवा होता म्हणून. पण खरे कारण या दोन्हींहून साधे होते: ते तिला सुचलेच नव्हते.

मथुराबाईंनी मांडा खापरावर टाकला. “जाळ सार,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा उंडा हातावर घेतला. त्यानंतर दिवसभर त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही.