टिपणीसबाईंच्या हजेरीपटावरची एकोणीस मांजरं

टिपणीसबाईंच्या घरात मांजरं किती, हे भिवंडीच्या अख्ख्या टेमघर भागात फक्त टिपणीसबाईंनाच माहीत होतं. "एकोणीस," बाई छातीठोकपणे सांगत. "एक कमी नाही, एक जास्त नाही." कुणी भुवई उचललीच, तर कपाटातून हजेरीपट काढून समोर आपटत. खराखुरा, शाळेतला, लांबट हजेरीपट.

विद्युल्लता टिपणीस यांनी बत्तीस वर्षं मराठी शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला होता. निवृत्त झाल्या तेव्हा नवरा गेलेला, लेक रुचिरा लग्न होऊन कल्याणला. पण सकाळी हजेरी घ्यायची सवय काही सुटेना. मग हवालदार, शेवंती, सुभेदार, बर्फी अशी एकोणीस नावं पटावर चढली. रोज दहाच्या ठोक्याला बाई स्टीलच्या ताटावर चमचा वाजवत आणि एकेक नाव पुकारत. नाव पुकारलं की एक मांजर येई, बाई बरोबरची खूण करत. शिस्त म्हणजे शिस्त.

ही मांजरं बाईंनी हौसेनं गोळा केली असं मात्र समजू नका. आपल्या भिवंडीतली माणसं फार दयाळू. यंत्रमागाच्या गाळ्यात मांजर व्याली की पिल्लं सुताच्या खोक्यात भरायची, बाईंच्या दारात ठेवायची, बेल वाजवायची आणि पळायचं. एक लूमवाला तर पळायचेही कष्ट घेत नसे. "मास्टरनीजी, दो और हैं. आपके यहाँ तो पता भी नहीं चलेगा," असं म्हणून खोका हातात देई, वर पुण्याच्या गोष्टी ऐकवी. पुण्य बाईंना आणि वास सगळ्या मजल्याला! अशा दयाळू लोकांच्या उशाशी एकेक खोका ठेवून यायला हवं, मग कळेल.

वास तर असा, की उन्हात वाळलेली चादर घरात आणली की दहा मिनिटांत मांजरांची होऊन जाई. सोफ्याचा काथ्या बाहेर आलेला. बाई दिवाणाच्या कडेवर अंग चोरून झोपत, कारण मधली जागा सुभेदाराची. खोकला वर्षभर हटत नव्हता. कुणी विचारलं तर, "लूमची धूळ, दुसरं काय!"

रुचिराला सातवा महिना लागला आणि ठिणगी पडली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे बाईंनी लेकीच्या लग्नाआधीच ठरवलेलं. अळिवाचा डबासुद्धा आणून ठेवला होता. त्यावर बर्फी झोपली होती. रुचिरा भेटायला आली ती उंबऱ्यातच थबकली. ओढणी नाकाला लावून म्हणाली,

"आई, मी नाही येणार इथे."

"अगं, पहिलं बाळंतपण आहे!"

"म्हणून तर. बाळाला पाळण्यात ठेवायचं की मांजरांत?"

"एकोणीस तर आहेत."

"एकोणीस? मी इथून, चप्पल न काढता, बावीस मोजली."

"तुझं गणित चौथीपासूनच कच्चं."

झालं, रुचिरा पेटली. "मग बाहेरच्या माणसाकडून मोजून घेऊ. एकोणीस निघाली तर मी नाक दाबून येते. एक जरी जास्त निघालं, तर घरात दोनच ठेवायची. नाहीतर बाळंतपण कल्याणला. सासूबाई तयारच आहेत."

सासूबाई हा शब्द बाईंना मिरचीसारखा झोंबला. "आण कुणाला आणायचंय त्याला!"

रविवारी रुचिराने बोलावलेली मेघाली आली. जवळच्या पूर्णा गावची, तिथल्याच गोदामात पॅकिंगला. सुट्टीच्या दिवशी पिंजरे घेऊन गल्लीबोळातली मांजरं धरायची, ऑपरेशन करून परत सोडायची. लहानपणी टेमघरात मामाकडे राहून शिकलेली, म्हणजे बाईंच्याच हाताखालची.

"बाई, तुम्ही नाव घ्या. जे येल त्याच्या कपाळाला मी हळद लावते. म्हंजे कोन दोनदा मोजायला न्हाय जानार."

"माझ्या वर्गात कुणी दोनदा मोजलं जात नाही."

"ठाव हाय बाई. मैत्रिणीच्या नावाला मी 'हजर' बोलले, तर दिवसभर बाकावर उभी केलती मला."

बाई खूश झाल्या. ताट वाजलं. हवालदार आला, सुभेदार आला, बर्फी आली. पिवळ्या मांजरांवर हळद दिसेना, म्हणून त्यांना बिटाचा रस. अर्ध्या तासात घराला लग्नघराची कळा आली. एकोणीस नावं, एकोणीस टिळे. बाईंनी पट मिटला आणि लेकीकडे असं पाहिलं की बस्स.

तेवढ्यात फ्रिजवरून एक मांजर खाली डोकावलं. कपाळ कोरं.

माळ्यावर तीन निघाली. वॉशिंग मशीनमध्ये पाच. मेघालीने दिवाणाची फळी उचलली तर तेरा. एकेचाळीस!

"ती... ती पाहुणी असतील," बाई म्हणाल्या.

"बाई, पाहुनी इथं बाळंत होऊन बसलीत!"

रुचिरा पोट धरून हसत होती. चूक साधी होती. ताट वाजलं की खायला जे पुढे येई, त्याच्या नावाची खूण होई. बत्तीस वर्षांत एका पोराची टाप नव्हती बाईंना फसवायची, आणि इथे तीन पांढरी मांजरं आळीपाळीने बर्फी होत होती.

बेचाळिसावं मांजर लोखंडी कपाटामागे सापडलं. मेघालीने मोबाईलचा उजेड पाडला आणि तिचं हसू थांबलं. नुसती हाडं. एक डोळा पुवाने चिकटलेला. शेपटी अर्धी.

अर्ध्या शेपटीवरून बाईंनी ओळखलं. शेवंती.

त्यांनी पट उघडला. शेवंती चार महिने रोज हजर होती. आज सकाळीसुद्धा तिच्या नावाची हळद भलत्याच मांजराने लावून घेतली होती. बाईंनी त्या रकान्यावर बोट टेकवलं.

"हिला आधी ने," त्या म्हणाल्या. "मग बाकीची."

"एवढी एकदम कुठं नेऊ बाई? गोदामात पॅक करू का? टप्प्याटप्प्यानं नेते."

पुढचे सात आठवडे घरातून पिंजरे जात राहिले. औषधं, ऑपरेशनं, नवी घरं. प्रत्येक मांजराबरोबर बाई स्वतःच्या अक्षरात शाळा सोडल्याचा दाखला देत. वर्तणूक: समाधानकारक. सोडण्याचे कारण: वर्गात जागा नाही. लूमवाला नवा खोका घेऊन आला, तेव्हा बाईंनी त्याला उंबऱ्यातच कान धरून उभं केलं. "पहले मेघाली के पास ले जाओ, माँ का ऑपरेशन कराओ!" चाळिशीचा बाप्या, पण गुपचूप उभा राहिला.

नववा लागायच्या आत रुचिरा बॅग घेऊन आली. घराला रंग दिलेला, दिवाण भंगारात गेलेला. तिने शिक्षणाधिकाऱ्यासारखी तपासणी केली. पडदे हुंगले, उशा हुंगल्या, शेवटी आईलाही हुंगलं.

"तीन आहेत," ती म्हणाली. "आपलं दोन ठरलं होतं."

"एकीला कुणी नेत नाही गं. एकच डोळा उरलाय तिला."

रुचिराने शेवंतीकडे पाहिलं, शेवंतीने उरलेल्या डोळ्याने तिच्याकडे. "पाठ मोडलीय माझी," रुचिरा म्हणाली. "झोपायचं कुठे?"

बाईंनी नवी गादी अंथरली. पाच मिनिटांत लेक घोरू लागली. बाईंनी तिची बॅग उघडली आणि एकेक कपडा नीट घडी घालून कपाटात लावला. सासूबाईंनी दिलेला गाऊन मात्र सगळ्यांत खाली दडपला.